मदत हवी आहे: आइस डान्सच्या ब्लेडना पुण्यात धार कोण लावून देईल?

नमस्कार मंडळी. आइस डान्स म्हणजे जोडीने बर्फावर केलेलं नृत्य-स्केटिंग; त्याच्या बुटांखालच्या ब्लेडना धार लावायची आहे. भोसरी, चिंचवड किंवा कोथरूडकडे टूल ग्राइंडिंगचं बारीक काम करणारं कुणी माहीत आहे का? साधा चाकू-कात्रीवाला नको, तो ब्लेडचा तळ सपाट करून टाकतो आणि मग ब्लेड बर्फ धरतच नाही.

ब्लेड साधारण ४ मिमी जाड आहे. तळाला लांबीभर खोबण असते, तिच्या दोन्ही बाजूंच्या कडांवर स्केटर तोलला जातो. त्यासाठी ग्राइंडिंगच्या चाकाला डायमंड ड्रेसरने, म्हणजे चाकाला आकार देणाऱ्या हिऱ्याच्या हत्याराने, १२.७ मिमी त्रिज्येची गोलाई द्यायची. खोबण मधोमध जेमतेम ०.१६ मिमी खोल होते. यापेक्षा खोल नको, कारण कडा जास्त रुततात आणि ट्विझलमध्ये, म्हणजे एका पायावर गिरक्या घेत पुढे सरकताना, पाय अडकतो.

दोन्ही कडा एका उंचीच्या हव्यात. कडांवर आडवी सरळ पट्टी ठेवून गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावला की फरक लगेच दिसतो. दाब हलका ठेवावा. पोलाद निळं पडलं तर त्याचा कडकपणा गेला. पुढच्या दात्यांना चाक अजिबात लागू नये. लांबीतला बाकही तसाच राहायला हवा, म्हणून टोकापासून टोकापर्यंत सारखंच घासायचं.

डान्सच्या ब्लेडचं मागचं टोक मुळातच आखूड असतं, जोडीदाराच्या ब्लेडला अडकू नये म्हणून. ते तुटलंय समजून कुणी ‘दुरुस्त’ करू नये!

असं काम केलेला कारागीर ठाऊक असेल तर भाग आणि अंदाजे दर कळवा. आधी जुन्या ब्लेडवर करून बघणारा असेल तर फारच उत्तम.