शब्दचर्चा : नृत्याचा पोशाख की वेशभूषा?

प्रश्न : जगभरच्या पारंपरिक नृत्यांवर लेख लिहिते आहे. नर्तकांच्या सगळ्या जामानिम्यासाठी पोशाख, पेहराव, वेशभूषा यांतला एकच शब्द वापरायचा तर कोणता? आणि स्कॉटलंडच्या किल्टला घागरा म्हटलं तर चालेल का?

उत्तर : एकाच शब्दावर अडून बसू नका, प्रत्येकाचा आवाका वेगळा आहे. पोशाख हा फारसीतून आलेला शब्द कपड्यांपुरता आहे. पेहराव म्हटलं की कपडे घालण्याची रीतही डोळ्यांपुढे येते. वेशभूषेत कपड्यांबरोबर दागिनेही येतात. पण नाटकाच्या श्रेयनामावलीत आपण रंगभूषा वेगळी लिहितो, त्यामुळे चेहऱ्याचा रंग त्यात धरता येत नाही.

कथकलीच्या बाबतीत नेमकं इथेच अडतं. पच्च म्हणजे हिरव्या चेहऱ्याचं पात्र घ्या. जबड्याभोवती चुट्टीची पांढरी कड, डोक्यावर मोठा किरीट, कमरेभोवती फुगलेला घेर. यातलं काहीही वगळलं तर पात्र उभं राहत नाही, आणि मल्याळममध्ये त्या पात्रालाच ‘वेषम्’ म्हणतात. अशा ठिकाणी नाट्यशास्त्रातला ‘आहार्य’ हा शब्द चपखल बसतो. आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक या चार अभिनयांपैकी तो एक. वस्त्रं, अलंकार, रंग सगळं त्यात सामावतं. तो जड वाटला तर सरळ ‘वेशभूषा आणि रंगभूषा’ लिहा. कथकलीच्या चेहऱ्याला ‘मुखवटा’ मात्र म्हणू नका. मुखवटा पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातल्या डोगोन नर्तकांचा. तो चढवायचा आणि उतरवून ठेवायचा असतो.

आता किल्ट. घागरा अजिबात नको. घागरा म्हटलं की मराठी वाचकाला बायकांचं, गोल घेराचं वस्त्र दिसतं. किल्ट पुढून सपाट असतो, चुण्या मागच्या बाजूला. हायलँड नृत्यात उडी घेतली की त्या उसळतात. मूळ नाव ठेवा आणि हे एका वाक्यात सांगा. ग्रीसच्या फुस्तानेलालाही, म्हणजे पुरुषांच्या चुणीदार घेराच्या वस्त्रालाही, हाच न्याय. तिथेही ‘निऱ्या’ नव्हे, ‘चुण्या’ लिहा. निऱ्या नेसताना हाताने घालतात, वस्त्र सोडलं की त्या मोडतात. चुण्या शिवलेल्या असतात. भरतनाट्यमच्या शिवलेल्या पोशाखातल्या पंख्याला आपण निऱ्या म्हणतो, कारण त्याचं मूळ नेसलेल्या साडीत आहे. ते मला मान्य आहे.

वस्त्र स्वतःच नाचत असेल तर नुसत्या ‘पोशाखा’ने काहीच कळत नाही. स्पेनच्या फ्लामेंकोतला ‘बाता दे कोला’ पाहा. मागे जमिनीवर लोळणारा, झालरींनी जड झालेला लांब झगा. वळताना नर्तकी पायाने त्याला मागून झटका देते, तो हवेत उचलला जातो आणि पुन्हा तिच्या मागे पसरतो. पायात न अडकवता हे करणं वेगळं शिकावं लागतं. त्या लोळत्या भागाला मी ‘सोगा’ म्हणेन. धोतराच्या लोंबत्या टोकासाठी हा शब्द आपल्याकडे आहेच, तो इथे छान चालेल.

शंका : तुर्कस्तानातल्या मेव्लेवी दरवेशांच्या, म्हणजे गिरक्या घेणाऱ्या सूफी साधकांच्या, सेमाबद्दल ‘वेशभूषा’ वाचलं की खटकतं.

उत्तर : खटकायलाच हवं. सेमा हा उपासनेचा विधी आहे आणि वेशभूषा म्हटलं की रंगमंच डोळ्यांपुढे येतो. त्यांच्या प्रत्येक वस्त्राला अर्थ आहे. उंच नमद्याची टोपी, सिक्के, ही थडग्यावरची शिळा. पांढरा घेरदार तेन्नुरे म्हणजे कफन. आणि वरचा काळा झगा, हिर्का, म्हणजे कबर. गिरक्या घेण्याआधी दरवेश तो काळा झगा उतरवतो. इथे साधं ‘वस्त्रं’ लिहा आणि झगा उतरवण्याचा उल्लेख गाळू नका. ‘वेश’ लिहावं की ‘वेष’ हेही पुष्कळदा विचारलं जातं. संस्कृतात दोन्ही रूपं आहेत. कोणतंही घ्या, पण लेखभर तेच ठेवा.