तपासणीची साखळी गुरूंच्या घरापाशी थांबू नये

घराच्या प्रमुख असलेल्या गुरूंनी होकार दिला की तृतीयपंथी समाजातल्या सगळ्यांची एचआयव्ही तपासणी होते, हे म्हणणं अर्धंच खरं आहे. सांगली-मिरजेत गुरू-चेल्यांची घरं आहेत, तशाच आईवडिलांसोबत राहणाऱ्या आणि फक्त मोबाइलवर ओळखी ठेवणाऱ्याही आहेत. यल्लम्मा देवीला वाहिलेल्या जोगत्यांचं जाळं आणखी वेगळं. तपासणीला बोलावणाऱ्या चिठ्ठ्या एकीकडून तिच्या ओळखीच्यांकडे, त्यांच्याकडून पुढे, अशा साखळीने जातात, म्हणून पहिल्या चिठ्ठ्या तिन्हींकडे जाव्यात, प्रत्येकीला ३ च. जास्त दिल्या तर एकाच घरात संपतात. चिठ्ठीवर नुसता क्रमांक असावा, आजाराचं नाव नको. ती घरच्यांच्या हाती पडू शकते. प्रवासखर्च तपासणीला आलेल्या व्यक्तीच्याच हातात द्यावा.

निकाल तिला एकटीलाच सांगावा. गुरूंनी कितीही मायेनं विचारलं तरी नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमती आणि गुप्तता बंधनकारक आहे, आणि एकदा बातमी फुटली की अख्खी साखळी तुटते.

याच साखळीतून एक गोष्ट आधी पोहोचवा: कंडोम फाटला तर ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर सरकारी रुग्णालय गाठायचं आणि प्रतिबंधक गोळ्या २८ दिवस घ्यायच्या. चौथ्या दिवशी सुरू करून त्यांचा उपयोग नाही. खोबरेल तेलाने लॅटेक्स कमकुवत होतं, पाण्याचा आधार असलेलंच जेल वापरा.

सौंदत्तीच्या यल्लम्मा यात्रेला निघणाऱ्यांनी एआरटीच्या (एचआयव्हीवरच्या रोजच्या उपचाराच्या) गोळ्या मुक्कामापेक्षा चार दिवसांच्या जास्त न्याव्यात. माहितीसाठी १०९७ हा क्रमांक मोफत आहे.