करवतकाठीची ओढणी केली, पण विणकराला परवडेना. काय बदलू?

तांडापेठची_नात
आमच्या आजोबांचा खड्डामाग, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून चालवायचा हातमाग, नागपूरच्या तांडापेठेत होता. माग मोडला, खड्ड्यावर फरशी बसली. अजून तिथं पाय पडला की पोकळ वाजतं. मी डिझाइन शिकले आणि दिवाळीपासून भंडाऱ्यातल्या मोहाडीकडच्या एका विणकर काकांकडून कोसा करवतकाठी, म्हणजे काठाला करवतीसारखे दाते असलेली कोसा रेशमाची साडी, विणून घेऊन राहिली आहे. साडीची किंमत ऐकून गिऱ्हाईक मागं सरकतं, म्हणून डोकं लावलं: तीच करवत, पण ओढणी. काकांनी तीन विणल्या आणि चौथीला हात जोडले. "पोरी, तुझी ओढणी अरुंद झाली, करवत कुठं अरुंद झाली?"

मग मागाशेजारी बसून पाहिलं. धोटा म्हणजे आडवा धागा नेणारी नळी: अंगाला एक, दोन काठांना दोन. काठाचा बाणा (आडवा धागा) आणि अंगाचा बाणा दर वेळी एकमेकांत अडकवून मागं फिरवायचे, तेव्हा कुठं करवतीचे दाते उठतात. सगळा वेळ त्या दोन सांध्यांत. मधल्या कोशातून धोटा सुर्रकन जातो. म्हणजे मी सोपं काम कापलं, अवघड तेवढं ठेवलं आणि मजुरी अर्धी केली! मजुरी वाढवली तर ओढणी साडीच्या भावाला भिडते. काय करू?

खड्डामाग_६२
एकाच बाजूला करवत ठेव. दोन धोटे, एक सांधा. मजुरी नगावर नको, लांबीवर दे. आणि दर चार नगांना ताण्याचा, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांचा, रंग बदलू नको, तुम्हा डिझाइनवाल्यांचा हा रोगच आहे. ताणा जोडण्यात दिवस जातो, त्याचे पैसे कोणी देत नाही. रंगाची हौस बाण्यावर भागव.

महालकर
हे ठीक. पण इतवारीत यंत्रमागाची तशीच दिसणारी स्वस्तात मिळते. तुझी काहून घेतील? १९८५ च्या कायद्यानं काही साड्या हातमागाला राखून ठेवल्या, करवतकाठीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे. दुकानात कोण विचारते बाप्पा?

तांडापेठची_नात
मी गिऱ्हाइकाच्या हातात भिंग देते. खऱ्या करवतीत काठाचा बाणा काठातच फिरतो, लाल काठ लालभडक राहतो. नकलीत अंगाचा बाणा काठातून आरपार जातो, लाल मळकट दिसतो. एकदा पाहिलं की विसरत नाहीत.

@खड्डामाग_६२ काका, आत्ताच मोहाडीला फोन केला. एकाच बाजूला करवत म्हटल्यावर तिकडून थोडा वेळ आवाजच नाही. मग म्हणाले, "सांधा एकच ना? मग काठ वीतभर रुंद करू का?"