पाळी जाण्याच्या वयातल्या कामगार महिला: कोअर शॉपमध्ये काय सोय करावी? ईएसआय आणि मेडिक्लेमचं काय?

एचआर_शिरोली

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आणि मशिन शॉप आहे. एकूण ६४ महिला, त्यातल्या २३ जणी ४३ ते ५५ वयाच्या. बहुतेक शेल कोअरवर (कास्टिंगमध्ये पोकळी राहावी म्हणून रेझिन लावलेली वाळू तापल्या साच्यात भाजून करतात तो गाभा), काही जणी तपासणी टेबलावर, चार ऑफिसात. मार्च लागला की तक्रारी त्याच: अंगातून वाफा येतात, एकदम घाम फुटतो, रात्री झोप नाही, अंगावरून फार जातं. रजिस्टरला मात्र फक्त 'चक्कर' लिहिलेलं असतं, कारण खरं कारण पुरुष सुपरवायझरला कोण सांगणार?

मालक खर्चाला नाही म्हणत नाहीत, पण 'नेमकं काय करायचं ते लिहून आणा' म्हणतात. ₹२१,००० पर्यंतच्यांना ईएसआय (सरकारी कामगार विमा) आहे, वरच्यांना २ लाखांचा ग्रुप मेडिक्लेम. यातून काय मिळतं आणि काय मिळत नाही? मेनोपॉजसाठी वेगळी रजा द्यावी का? आणि कोअर शॉपमध्ये आधी कशाला हात घालावा?

सेफ्टी_कागल

आधी पंख्याला. बहुतेक ठिकाणी पेडस्टल फॅन चुकीच्या जागी असतो. शेल कोअरचा बॉक्स, म्हणजे तापलेला साचा, २२०-२८० अंशांवर चालतो. समोरून फॅन मारला की बॉक्स एका बाजूनं थंड पडतो, कोअर कच्चा निघतो, मग रिजेक्शन वाढलं म्हणून सुपरवायझरच फॅन बंद करतो. शिवाय रेझिनचा धूर आणि वाळूची धूळ उलटी बाईच्या तोंडावर येते. फॅन बाईच्या मागे, जरा बाजूला आणि कमरेच्या वर वारा लागेल असा ठेवा. वारा तिच्याकडून एक्झॉस्टच्या दिशेला जायला हवा. एक्झॉस्ट बॉक्सच्या पलीकडं नसेल तर आधी तो हलवा. आणि शेडमधली हवा ३६-३७ अंशांच्या पुढं गेली की नुसता फॅन म्हणजे गरम हवा अंगावर मारणं. तेव्हा ओला रुमाल मानेला आणि मनगटाला लागतोच.

दुसरं, ॲप्रन. पॉलिस्टरचा स्वस्त पडतो, रंग टिकतो, म्हणून सगळीकडं तोच. घाम शोषत नाही आणि ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटतो. जाड सुती कापडाचे, मागून बांधायचे, प्रत्येकी तीन द्या. दोन दिले की एक ओला, एक धुवायला, आणि शिफ्टमध्ये बदलायला काहीच उरत नाही.

तिसरं, जागा सोडायची मुभा. अंगातून येणारी वाफ साधारण १ ते ५ मिनिटं टिकते. बाईला तेवढा वेळ मशिनपासून तीन-चार मीटर लांब, हवेशीर जागी बसता आलं की पुरतं. पण बॉक्समध्ये कोअर असताना ती उठली तर सोनेरी-तपकिरी व्हायचा कोअर काळा पडतो आणि बोलणी तिलाच बसतात. म्हणून दर पाच-सहा मशिनला एक रिलिव्हर ठेवा. वेगळा माणूस लागत नाही, कोअर घासणाऱ्या किंवा रंग देणाऱ्या बाईला मशिन शिकवून ठेवा. खूण ठरवा: हात वर केला की रिलिव्हर येणार, कारण विचारायचं नाही.

बाक हवाच. उभ्यानं काम करणाऱ्यांना बसायची सोय जुन्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात कलम ४४ खाली होती, २०२० च्या नव्या कोडमध्येही आहे. उपकार नव्हे तो.

आणि संडासाचं टोकन बंद करा. एका वेळी एकच टोकन असलं की बायका पाणी पिणंच सोडतात. मग उन्हाळ्यात चक्कर, लघवीला जळजळ, आणि रजिस्टरला पुन्हा 'चक्कर'. आत झाकणाची बादली, पॅड गुंडाळायला कागद, नळाला पाणी आणि आतून कडी. कडीचं हसू नका, मोडकी कडी महिनोन् महिने तशीच असते.

पगारपत्रक_उद्यमनगर

रजेचा आणि पैशांचा भाग सांगतो.

मेनोपॉजसाठी वेगळी रजा महाराष्ट्रात कायद्यानं नाही. कंपनी स्वतःहून देऊ शकते, पण कोअर शॉपला ती देऊ नये असं माझं मत. 'ती' रजा मागणं म्हणजे सगळ्या शेडला वय आणि पाळी सांगणं. कोणी घेत नाही. त्यापेक्षा आजारपणाच्या रजेत महिन्याला एक अर्धा दिवस बिनकारणाचा ठेवा, पुरुषांनाही. मग नाव फुटत नाही.

ईएसआय: वर्गणी कामगाराची ०.७५ टक्के, मालकाची ३.२५ टक्के. ₹१८,००० पगारावर तिचे ₹१३५, तुमचे ₹५८५. आजारपणाचा भत्ता सरासरी रोजाच्या ७० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. रोज ₹६०० पडत असेल तर ₹४२०. पहिले दोन दिवस मिळत नाहीत, त्यामुळं एका दिवसाच्या चक्करेचे पैसे मागत बसू नका. अट अशी की सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभ, ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचा. जी बाई आत्ता अंगावरून जातंय म्हणून वारंवार बिनपगारी घरी बसते, तिचे ७८ भरत नाहीत आणि सहा महिन्यांनी पिशवीचं ऑपरेशन निघालं की भत्ता नाकारला जातो. ज्यांचे दिवस कमी पडतायत त्यांची यादी तिमाहीला काढा आणि त्यांना आधीच सांगा.

पगारवाढीचं बघा. वर्गणी काळाच्या मध्येच पगार ₹२१,००० च्या वर गेला तरी त्या काळाच्या शेवटापर्यंत वर्गणी कापायची असते. जुन्या ईएसआय कायद्यात मर्यादा मोजताना ओव्हरटाइम धरत नव्हते, वर्गणी कापताना मात्र धरत. इथं नवीन क्लार्क हमखास चुकतो. वर्गणी थांबली तरी मागच्या वर्गणीवरचा लाभाचा काळ संपेपर्यंत औषधोपचार चालू राहतात, कार्ड टाकून देऊ नका म्हणावं.

मेडिक्लेम: ओपीडी, रक्ततपासणी, हाडांचा डेक्सा स्कॅन, महिन्याच्या गोळ्या यातलं बहुधा काही मिळत नाही. ॲडमिट झालं तरच. पॉलिसी पुढच्या वर्षी घेताना ब्रोकरकडून तीन गोष्टी लेखी घ्या. गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनला प्रतीक्षा काळ आहे का (वैयक्तिक पॉलिसीत दोन वर्षांचा असतो, ग्रुपला माफ करून मिळतो). दुर्बिणीतून तपासणी आणि क्युरेटिंग (गर्भाशयाचं अस्तर खरवडणं) डे-केअरमध्ये, म्हणजे रात्रभर न राहता होणाऱ्या उपचारांत, बसतं का. आणि खोलीच्या भाड्याची मर्यादा. २ लाखांवर १ टक्का म्हणजे रोज ₹२,०००. बाई ₹४,००० च्या खोलीत राहिली तर फक्त भाडं कापत नाहीत, डॉक्टर आणि थिएटरचं बिलही त्याच प्रमाणात निम्मं होतं. डिस्चार्जच्या दिवशी कळतं आणि रडारड होते.

स्त्रीरोग_राजारामपुरी

वरच्यात एक दुरुस्ती आणि बरीच भर.

दुरुस्ती: 'पिशवीचं ऑपरेशन' इतक्या सहज धरून चालू नका. गर्भाशय काढल्यानं वाफा थांबत नाहीत. वाफा येतात त्या अंडाशयांचं इस्ट्रोजेन कमी झाल्यानं. गर्भाशयाबरोबर अंडाशयं काढली तर पाळी एका दिवसात जाते आणि वाफा जास्त जोरात येतात. बीडच्या ऊसतोड महिलांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळात गाजलं, ते आठवा. फार रक्तस्रावाला आधी गोळ्या आहेत, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड पाळीच्या चार-पाच दिवसांपुरतं (पाय किंवा फुप्फुसात गुठळी झालेल्यांना नाही), किंवा लेव्होनॉर्जेस्ट्रेलचं, तांबीसारखं बसवायचं साधन, जे काही वर्षं चालतं.

कोणाला लगेच पाठवायचं? तासा-दोन तासाला पॅड भरतंय, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या किंवा मोठ्या गाठी पडतायत, किंवा पाळी जाऊन १२ महिने झाल्यावर पुन्हा थेंबभर जरी रक्त दिसलं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. 'परत पाळी आली, तब्येत सुधारली' असं समजतात. तसं नाही. सोनोग्राफीत आतलं अस्तर ४ मि.मी. च्या वर असेल तर तुकडा तपासावाच लागतो. खासगीत परवडत नसेल तर सीपीआरची (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) स्त्रीरोग ओपीडी आहे.

बाकीच्यांना महागड्या हार्मोन चाचण्या करायला लावू नका. ४५ च्या पुढं लक्षणांवरून निदान होतं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, रक्तदाब पुरेत. थायरॉइड वाढलं तरी घाम आणि धडधड असतेच. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे ॲनिमिया, ८ च्या खाली असेल तर तिला तूर्त शेल मशिनवर उभं करू नका.

उपचार: हार्मोनच्या गोळ्या साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत सुरू करता येतात. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन लागतंच, एकटं इस्ट्रोजेन अस्तर वाढवतं. स्तनाचा कॅन्सर, गुठळी, लकवा, यकृताचा चालू आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर देत नाही. त्यांच्यासाठी व्हेन्लाफॅक्सिन, गॅबापेंटिनसारखी बिनहार्मोनची औषधं आहेत. गॅबापेंटिन रात्री घ्यायचं, त्यानं गुंगी येते. सकाळच्या शिफ्टला मशिनवर जाणारीनं हे डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे.

लोह आणि कॅल्शियम एकत्र गिळू नये, दोन तासांचं अंतर हवं. दवाखान्यातून दोन्ही एकाच पुडीत येतात आणि बाई चहाबरोबर घेते. म्हणजे लोह गेलंच. कॅल्शियम जेवणाबरोबर, एका वेळी ५०० मिलिग्रॅमपर्यंत.

दहाच्या सुट्टीत कँटीनला कटाची मिसळ आणि वर कडक चहा असतो. कोल्हापुरात मिसळ बंद करा म्हणायचं माझं धाडस नाही. पण तिखट आणि गरम एकत्र गेलं की बऱ्याच जणींना पंधरा मिनिटांत वाफ येते. सुट्टीनंतरचा पहिला तास तपासणी टेबलाला द्या किंवा कँटीनला ताक ठेवा.

एचआर_शिरोली

डॉक्टर, दवाखान्यात जाताना काय लिहून न्यावं? आमच्या बायका जाऊन 'अशक्तपणा आहे' म्हणतात आणि बी-कॉम्प्लेक्स घेऊन येतात.

स्त्रीरोग_राजारामपुरी

कॅलेंडर न्यावं. दुधाच्या हिशेबाचं असतं तेच. रोज तीन खुणा: रक्त गेलं तर टिंब आणि किती पॅड, दिवसभरात वाफा किती, रात्री किती वेळा जाग आली. दोन महिन्यांचं पान दाखवलं की 'अशक्तपणा' बोलावाच लागत नाही. चालू असलेल्या बीपी-शुगरच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत. आणि शेवटच्या पाळीची तारीख.

पगारपत्रक_उद्यमनगर

ते कॅलेंडर बाईकडंच राहू द्या, फाइलला लावू नका. ऑफिसला फक्त दाखला, त्यावर 'उष्णतेच्या कामापासून अमुक आठवडे सूट' एवढं असलं तरी पुरतं, आजाराचं नाव लागत नाही. दाखला घेणारी बाईच नेमा.

सेफ्टी_कागल

आणि सूट दिली म्हणून पीस-रेट (नगामागची मजुरी) कापू नका. कोअरवरून तपासणीला बसवलेल्या बाईला रोजचा सरासरी रेट द्या, नाहीतर पुढच्या आठवड्यात ती दाखला खिशात ठेवून परत बॉक्ससमोर उभी असेल.