कोर्टात हातोडा नसतो हो!

निवृत्त शिरस्तेदार, कुडाळ

परवा 'चाकरमानी डोंबिवली' यांनी इथं लिहिलं, त्याचा सारांश असा: अमेरिकेत 'लॉ अँड ऑर्डर' वीस वर्षं चालते आणि आपल्या मराठी निर्मात्यांना कोर्टाची एक मालिका वर्षभरसुद्धा धड ओढता येत नाही, कारण ते आळशी आहेत, अभ्यास करत नाहीत. वर मल्लिनाथी अशी की 'तालुका कोर्टात एक दिवस जाऊन बसलं तरी शंभर भागांचा मसाला मिळेल.'

मी एक दिवस नाही, एकतीस वर्षं बसलो. त्यामुळे जरा लांबण लावतो. कंटाळा आला तर खाली सरका.

एका मालिकावाल्यांनी (नाव घेत नाही) आमच्याकडच्या एका जुन्या घराच्या माजघरात कोर्ट उभं केलं होतं. मला सल्लागार म्हणून बोलावलं. मानधन म्हणजे दुपारचं जेवण. गेलो तर न्यायाधीशांच्या टेबलावर हा एवढा लाकडी हातोडा. म्हटलं, हा काढा, आपल्या कोर्टात हातोडा नसतो. आवाज वाढला तर पट्टेवाला डोळे वटारतो, तेवढ्यावर भागतं. दिग्दर्शक म्हणाला, "काका, हातोडा नसेल तर लोकांना कळणार कसं की हे कोर्ट आहे?" पुढच्या प्रसंगात साक्षीदार येत नाही असं होतं. मी म्हटलं, मग त्या बाजूचा वकील मुदतीचा अर्ज देईल, खर्च बसेल, तारीख पडेल. त्या मुलानं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी त्याच्या ताटात वाळू टाकली. "काका, तारीख नको. निकाल द्या. शुक्रवारी भाग जातोय."

तेव्हा आळस वगैरे काही नाही. खरं कोर्ट दाखवलं तर बघणार कोण, आणि खोटं दाखवलं तर आमच्यासारख्यांना बघवत नाही.

चाकरमानी डोंबिवली

काका, खोटं तर तेही बोलतात. तिथंही खटले रखडतातच, पण मालिकेत खून, अटक आणि निकाल सगळं तासाभरात. मुद्दा कारखान्याचा आहे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिकडे तासाभराच्या मालिकांना पुनःप्रक्षेपणासाठी गिऱ्हाईक मिळत नव्हतं, अर्ध्या तासाच्या हातोहात जायच्या. म्हणून 'लॉ अँड ऑर्डर'चा निर्माता डिक वुल्फ, त्यानं तासाचे दोन तुकडे पाडता येतील अशी रचना केली: आधी पोलीस, मग सरकारी वकील. गरज धंद्याची, पण त्यातून असा साचा निघाला की आजतागायत मोडला नाही. १९८८ मध्ये सीबीएस वाहिनीसाठी पहिला भाग केला, तो त्यांनी नाकारला, कारण चमकणारा नट कुणी दिसेना. एनबीसीनं उचलला. १३ सप्टेंबर १९९० ला सुरू झाली, २०१० पर्यंत ४५६ भाग, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये पुन्हा चालू.

आणि ज्या कारणानं नाकारली त्याच कारणानं टिकली! कुणाच्या घरात काय शिजतं, कुणाचं लग्न मोडलं, हे त्यात नावापुरतं. म्हणून माणूस गेला तरी मालिका राहते. आपल्याकडं नायिकेनं रजा मागितली की तिला कोमात टाकतात.

सेटवरची, सावंतवाडी

कोमावर हसू नका, तीन कोमांची खोली मी सजवलीय. कला विभागात काम करते, म्हणजे हातोडा आणणारी जमात आमचीच. काका, माफ करा.

दादा, तुम्ही ४५६ भाग म्हणालात ना? त्यांचे वर्षाला बावीस-चोवीस भाग. आपली मालिका आठवड्याला सहा. करा हिशोब. त्यांची वीस वर्षं आपल्याकडं दीड वर्षात उडतात. दीड वर्ष चाललेल्या मालिकेला इथं कुणी 'टिकली' म्हणत नाही, 'गुंडाळली' म्हणतात.

घरातली मालिका एका दिवाणखान्यात सहा महिने काढते. कोर्ट म्हटलं की नवा आरोपी, नवे साक्षीदार, नवी जागा, आणि मागच्या बाकांवर बसायला माणसं, त्यांचे रोजचे पैसे वेगळे. आधी चित्रित करून ठेवलेल्या भागांची बँक दोन-तीन दिवसांची, कोकणात पाऊस लागला की तीही आटते. संवाद सकाळी फोनवर येतात, वकील झालेला नट ते मेकअप करताना पाठ करतो. एकदा बाकावर माणसं कमी पडली म्हणून मेकअपदादांनाच बसवलं. पुढच्या खटल्यात तेच तलाठी झाले. कुणाच्या लक्षात आलं नाही. उगाच अभ्यासाच्या गोष्टी सांगू नका, अभ्यासाला रात्र लागते आणि रात्री आम्ही सेट बदलत असतो.

रायवळ

म्हणजे आळशी नाय, गरीब. चाकरमान्यानू, आयकलात मा?

मास्तर, देवगड

आणि ते 'माणूस गेला तरी मालिका राहते' हे आपल्याकडं चालत नाही. 'सीआयडी' १९९८ ते २०१८ चालली ती शिवाजी साटमांच्या हातवाऱ्यांवर आणि दयानं फोडलेल्या दारांवर. चेहरे बदलले असते तर आमच्या हिनं दुसऱ्या दिवशी टीव्ही बंद केला असता. तुमच्या त्या अमेरिकन मालिकेत तरी काय? सॅम वॉटरस्टन १९९४ मध्ये आला तो २०१० पर्यंत हललाच नाही. सोळा वर्षं! आमच्या शाळेत एवढी वर्षं मुख्याध्यापकसुद्धा टिकले नाहीत. (त्याबद्दल पुन्हा कधीतरी. संस्थेतल्या राजकारणावर वेगळा धागा काढावा लागेल.)

वकीलताई, चिपळूण

नटांच्या जा-येचं फार कौतुक चाललंय म्हणून सांगते. १९९३ मध्ये वाहिनीनं दम भरला की बायका घ्या, नाहीतर बंद करतो. दोन पुरुष नट गेले, दोन बायका आल्या. त्यातली एपाथा मर्कर्सन पुढं सतरा वर्षं राहिली. वुल्फच्या साच्यातून ही जा-ये निघाली नव्हती, वरून आदेश आला होता.

मूळ अडचण कुणी बोललंच नाही. तिथं ज्युरी आहे. वकील बारा सामान्य माणसांशी बोलतो, त्यांच्या चेहऱ्यावर कॅमेरा फिरतो, म्हणून भाषण शोभतं. आपल्याकडं नानावटींच्या खून खटल्यात ज्युरीनं ८ विरुद्ध १ असं निर्दोष ठरवलं, हायकोर्टानं ते फिरवलं, आणि १९७३ च्या फौजदारी संहितेनंतर ज्युरी उरलीच नाही. मी कोर्टात भाषण करायला लागले तर साहेब म्हणतात, "मॅडम, लेखी युक्तिवाद द्या." त्याचं चित्रीकरण काय करणार? मी फाईल पुढं सरकवते, संपला प्रसंग. शिवाय आमची हायकोर्टाची कामं १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडं गेली. मालिकेतला वकील मात्र अजून फोर्टातच पायऱ्या चढतोय.

आणि विषय निघालाच आहे तर बोलते. कोकणातलं कोर्ट दाखवलं की साक्षीदार मालवणी बोलणार म्हणजे बोलणार. चिपळूणचा, गुहागरचा, देवरूखचा माणूस मालवणी बोलत नाही हो! कोकण खारेपाटणच्या अलीकडंही आहे. आमच्या पक्षकाराला नट मंडळी 'माका, तुका' करायला लावतात आणि वर विचारतात, 'ऑथेंटिक वाटतंय ना?'

रायवळ

मच्छिंद्र कांबळी मालवणी घेवन मुंबैत गाजले, लंडनाक गेले. तुमी तुमची बोली घेवन खय गेलात, ता सांगा.

वकीलताई, चिपळूण

कुठं गेलो नाही म्हणून बोली नाही का आमची? शिमग्याला नमन-खेळे पिढ्यान् पिढ्या आमच्या संगमेश्वरी बोलीत चाललेत, त्याला तिकीट लावलं नाही एवढंच चुकलं. आणि मिरवताय ते काय, २०१६ मध्ये आकेरीच्या वाड्यात 'रात्रीस खेळ चाले' झालं तेव्हा 'कोकणाला भुताखेतांत काढलं' म्हणून तुमच्याच लोकांनी गळा काढला होता. तेव्हा मालवणी नको होती, आता हवी.

रायवळ

मालवणी व्हयीच होती. भुता नको होती.

मास्तर, देवगड

ताई, विषय कोर्टाचा आहे, बोलीचा नाही.

वकीलताई, चिपळूण

मास्तर, कोर्टाचा विषय बोलीचाच असतो. तुम्ही साक्ष कधी दिलीय?

निवृत्त शिरस्तेदार, कुडाळ

ताईंचं हे बरोबर आहे. मालवणीवरून नाही, त्यावर आपलं जमायचं नाही, पण शेवटचं वाक्य बरोबर.

एक सांगतो. कोर्ट कुठलं, साल कुठलं, विचारू नका. वाटपाचा दावा. सत्तरी उलटलेली म्हातारी पिंजऱ्यात. विचारलं, तुमची हद्द कुठली? ती म्हणाली, "गडग्याक लागान पणस आसा. तेच्या भितरला आमचा." साहेब घाटावरचे, नवीनच आलेले. त्यांनी स्टेनोला सांगितलं: 'बांधाला लागून फणसाचे झाड आहे, त्याच्या आतील जमीन आमची आहे.' वाक्य स्वच्छ मराठी. आता त्या जमिनीत बांधही होता आणि गडगाही. बांध खाली कुणग्याचा, म्हणजे भातखाचराचा, मातीचा. गडगा म्हणजे रचलेली भिंत, ती वर, जांभ्या दगडांची, चाळीसेक पावलांवर. फणसही दोन. मधे सात काजी, म्हणजे काजूची झाडं, आणि एक रातांबा, म्हणजे कोकमाचं झाड.

साक्ष वाचून दाखवली. म्हातारीला 'बांध' ऐकू आला की नाही, देव जाणे. 'बरोबर' म्हणाली, अंगठा दिला. शाईचं पॅड मीच पुढं केलं होतं.

निकालात हद्द बांधावर आली. पुढं अपील, कोर्ट कमिशनर, मोजणी. सात वर्षांनी गडगा कागदावर आला. तोवर म्हातारी गेली होती आणि तिचे वारस रेकॉर्डवर घ्यायचा अर्जही मीच नोंदवला.

चाकरमानी डोंबिवली

एक मिनिट. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?

निवृत्त शिरस्तेदार, कुडाळ

कळलं होतं.

चाकरमानी डोंबिवली

मग बोलला का नाहीत? हातोड्यावर दिग्दर्शकाला धडे देता, पाहुणे म्हणून गेलेल्या सेटवर! आणि जिथं पगार घेत होता तिथं म्हातारीचे सात काजी जाताना गप्प?

निवृत्त शिरस्तेदार, कुडाळ

साहेब मजकूर सांगत असताना कारकुनानं मधे बोलायचं नसतं. तुम्हाला लांबून सोपं वाटतं. अर्धे दावे तर तुम्हा मुंबईकरांमुळे लांबतात. एक भाऊ डोंबिवलीत, एक नालासोपाऱ्यात, समन्स घ्यायला कुणी नाही, सहीला कुणी नाही, आणि मे महिन्यात येऊन आंबे मोजणार.

चाकरमानी डोंबिवली

आता ऐकाच. माझ्या घरचाही वाटपाचा दावा आहे, वडिलांनी लावलेला. रजा टाकून रात्री कोकणकन्या पकडतो, आरक्षण मिळालं तर मिळालं, नाहीतर दाराशी बॅगेवर बसून. सकाळी उतरतो, स्टँडवर तोंड धुतो, अकराला कोर्टात हजर. पुकारा होतो. प्रतिवादीचे वकील गैरहजर. पुढची तारीख. चार मिनिटं! मागच्या वेळी मी घड्याळ लावलं होतं. दुपारी परतीची गाडी. हे नऊ वेळा केलंय. 'मुंबईकर येत नाहीत' हे मला पुन्हा ऐकवू नका. ती अमेरिकन मालिका मी का बघतो माहीत आहे? तिच्यात निकाल लागतो.

रायवळ

...

सेटवरची, सावंतवाडी

दादा, ते घड्याळाचं घेऊ का मी? पुढच्या महिन्यात एका निर्मात्यांना भेटायचंय. रोजची मालिका नाही, आठ भागांचं काहीतरी म्हणतायत.

वकीलताई, चिपळूण

आठच भागांचं असेल तर लिहायला कोर्टात उभा राहिलेला माणूस घ्या. कोर्टकथांतले गाजलेले वकील घ्या: पेरी मेसन लिहिणारा गार्डनर वकील होता, रम्पोल लिहिणारा मॉर्टिमरही वकील. आणि काका, राग नाही, पण त्या बाईचा वकील काय करत होता? साक्ष वाचून दाखवली तेव्हाच त्यानं हरकत घ्यायला हवी होती. तुमच्या आधी ते काम त्याचं.

निवृत्त शिरस्तेदार, कुडाळ

शेजारच्या कोर्टात त्याचा दुसरा पुकारा लागला होता. ज्युनिअर उभा होता, तो सांगलीचा.

आणि चाकरमानी, नऊ वेळा आलात हे मला माहीत नव्हतं. 'मुंबईकर' मागं घेतो. बाकीच्या मुंबईकरांपुरतं ठेवतो.

चाकरमानी डोंबिवली

उपकार झाले. मीही 'आळशी' मागं घेतो, सेटवरच्या ताईंपुरतं. हातोडा मात्र पुन्हा दिसला तर इथंच येऊन लिहीन.

सेटवरची, सावंतवाडी

हातोडा राहणार. वाहिनीला हवा असतो. काका, गडग्याचंही घेऊ का?

निवृत्त शिरस्तेदार, कुडाळ

घ्या. पण शाईचं पॅड पुढं करणारा कारकून दाखवा, तो कापू नका. आणि म्हातारीच्या तोंडी 'गडगा'च ठेवा. वाहिनीवाले 'भिंत' करा म्हणतील.

वकीलताई, चिपळूण

आमच्याकडं घडलं तर साक्षीदार 'आसा' म्हणणार नाही, 'हाय' म्हणेल. लिहून ठेवा.

रायवळ

परत सुरू झाला.

मास्तर, देवगड

सगळं वाचलं. एकच शंका. ज्या फणसावरून एवढं झालं तो कापा होता की बरका?

निवृत्त शिरस्तेदार, कुडाळ

बरका. दोन्ही पक्षांपैकी कुणी खात नव्हतं.