डायल्यूशनला पाणी कोणतं: बोअरचं, आरओचं की बॅटरीचं?

काळी_सेडान: सोसायटीत बोअरचं पाणी आहे, टीडीएस (विरघळलेले क्षार) लिटरला ६२० मिलिग्रॅम. गाडीसाठी एपीसी (ऑल-पर्पज क्लीनर) १:१०, ग्लास क्लीनर आणि रिन्सलेस वॉश (नंतर पाण्याने धुवायला न लागणारा) १:२५६ घरीच पाण्यात मिसळायचंय. सगळ्यालाच डिस्टिल्ड पाणी लागतं का? घरच्या आरओचा टीडीएस ११० येतो.

बफर_पॅड: मिश्रण गाडीवर सुकणार की धुऊन जाणार, त्यावर ठरवा. ग्लास क्लीनर आणि क्विक डिटेलर (फवारून पुसायचा चमक आणणारा स्प्रे) पुसल्यावर उरलेलं पाणी जागेवरच उडतं, क्षार मागे राहतात. तुमच्या अर्धा लिटर पाण्यात साधारण ३०० मिलिग्रॅम क्षार आहेत. रात्री समोरून हेडलाइट आला की काचेवर पांढुरका पडदा दिसतो, त्यात यांचाही हात असतो. या दोन्हींना डीएम वॉटर वापरा, म्हणजे बॅटरीत भरतात ते क्षार काढलेलं पाणी. घेताना लेबल वाचाच, बॅटरीचं ॲसिडही त्याच दुकानात मिळतं.

चाकं आणि रबरी मॅटसाठीचं एपीसी बोअरच्या पाण्यात चालेल, सुकण्याआधी धुतलंत तर. ५०० मिलिच्या बाटलीत ४५५ पाणी, ४५ एपीसी. आधी पाणी, मग एपीसी. उलट केलं तर बाटली फेसानेच भरते.

दोन_बादल्या: रिन्सलेसला १० लिटरला ४० मिलि पडतं. एवढं डीएम वॉटर विकत आणणं परवडत नाही, आरओचं घ्या. ११० म्हणजे बहुधा टीडीएस कंट्रोलर उघडा आहे, तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. मेंब्रेनमधून थेट निघालेलं पाणी मिळालं तर आकडा बराच खाली येईल. आरओ बाहेर टाकतो ते रिजेक्टचं पाणी मात्र बादलीत नको, त्यात क्षार बोअरपेक्षाही जास्त असतात.

काळी_सेडान: गच्चीवर सॉफ्टनर आहे. ते पाणी ग्लास क्लीनरला? की उकळून घेऊ?

बफर_पॅड: दोन्ही नको. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून सोडियम घालतो, टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. फेस छान येतो, डागही सहज निघतात, पण पडतात. उकळल्यावर थोडा चुना तळाशी बसतो, बाकीचे क्षार पाणी आटेल तसे दाट होतात.

आणखी एक: आरओ किंवा डीएम पाण्यात क्लोरीन जवळपास नसतं आणि पातळ केल्यावर केमिकलमधलं प्रिझर्व्हेटिव्हही अपुरं पडतं. बाटलीत बुळबुळीत थर धरतो, स्प्रेची नळी चोंदते. महिनाभर पुरेल एवढंच बनवा, बाटलीवर प्रमाण आणि तारीख लिहा. वास आला किंवा गढूळ दिसलं की ओतून द्या. वरून नवीन भरू नका, नळी आणि ट्रिगरसकट धुऊन मगच भरा.