लाकोटा आजेसासूबाईंच्या आठवणी: ध्वनिमुद्रण, कालनिश्चिती आणि सांगण्याचा अधिकार

माळरान यांचा प्रश्न

नमस्कार. मी मूळची सोलापूरची असून गेली अकरा वर्षे साउथ डकोटा राज्यातील रॅपिड सिटी येथे राहते. माझे यजमान ओग्लाला लाकोटा, म्हणजे अमेरिकेतील एका मूळनिवासी समाजाचे आहेत आणि त्यांचे आजोळ पाइन रिज या आरक्षित प्रदेशात आहे. त्यांच्या आजी आता ८६ वर्षांच्या आहेत. लाकोटा भाषेत आजीला 'उन्ची' म्हणतात आणि मीही त्यांना तशीच हाक मारते. त्यांच्या तोंडी असलेल्या कुळाच्या हकिकती लिहून आणि ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात, असे सासूबाईंनी दोन वर्षांपूर्वी मला सांगितले. घरात ठरल्या वेळी बसून लिहिण्याची सवय मलाच असल्यामुळे हे काम माझ्याकडे आले आणि मी ते मनापासून करते आहे.

आरंभीच माझ्या हातून एक चूक झाली. 'अते' या शब्दापुढे मी सरसकट 'वडील' असे लिहीत गेले आणि वंशवृक्ष मांडायला बसले तेव्हा उन्चींना तीन वडील झाले. मग सासूबाईंनी समजावले की लाकोटात वडिलांच्या भावांनाही 'अते'च म्हणतात, तसेच आईच्या बहिणीही 'इना', म्हणजे आईच असतात. मामाला मात्र 'लेक्शी' असा निराळा शब्द आहे. दोन वह्या मला पुन्हा लिहाव्या लागल्या.

आता अडचण अशी आहे की उन्ची सन सांगत नाहीत. त्यांच्या पणजोबांचा जन्म 'अंगावर ठिपके उठले त्या हिवाळ्यात' झाला, एवढेच त्या सांगतात. याचा काळ कसा ठरवावा? शिवाय आजेसासऱ्यांच्या आवाजातील १९७८ सालच्या पाच कॅसेट एका पत्र्याच्या डब्यात सापडल्या आहेत आणि त्या वाजवायला मला भीती वाटते. सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे यजमानांच्या मामांचे म्हणणे असे आहे की यातील काही भाग घराबाहेर जाता कामा नये. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. माझ्याशी ती मराठी बोलते, शाळेत इंग्रजी बोलते आणि उन्चींजवळ बसली की लाकोटात आकडे मोजून दाखवते. तिला हे सारे अखंड मिळावे अशी माझी इच्छा आहे. पण 'अखंड' म्हणजे नेमके किती, हे ठरवण्याचा अधिकार माझा नाही याचीही मला जाणीव आहे.

आणखी एक प्रसंग सांगते. गेल्या जुलैत मी फोन समोर ठेवून उन्चींना इक्तोमीची, म्हणजे लोककथांतल्या लबाड कोळ्याची, गोष्ट सांगण्याची विनंती केली. त्यांनी खिडकीबाहेरच्या उन्हाकडे पाहिले आणि "बर्फ पडू दे" एवढेच म्हणून त्या गप्प झाल्या. त्यांना वाईट वाटले असेल का?

जुनी_पाने यांचे उत्तर

शेवटच्या शंकेपासून आरंभ करतो. उन्चींना वाईट वाटले नसावे; त्यांनी आपल्याला एक नियम सांगितला. लाकोटा परंपरेत इक्तोमीसारख्या पुरातन कथांना 'ओहुंकाकां' म्हणतात आणि त्या हिवाळ्यात, अंधार पडल्यानंतर सांगायच्या असतात. माणसांच्या खऱ्या घडलेल्या हकिकती हा वेगळा प्रकार आहे आणि त्यांना हे बंधन नाही. त्यामुळे आपल्या वह्यांमध्ये हे दोन प्रकार पहिल्यापासून निरनिराळे ठेवावेत. एला डेलोरिया या स्वतः लाकोटांच्या भाऊबंद डकोटा कुळात जन्मलेल्या विदुषींनी १९३२ मध्ये कथांचा जो संग्रह प्रसिद्ध केला, त्यातही कथांचे असे प्रकार वेगळे मानलेले आहेत. सांगणारी व्यक्ती वाक्याच्या शेवटी 'केयापी', म्हणजे 'असे म्हणतात', असे जोडते की नाही, याकडेही लक्ष द्यावे. स्वतः पाहिलेले आणि इतरांकडून ऐकलेले यांतला फरक त्या शब्दातून कळतो, आणि भाषांतर करताना तोच सर्वांत आधी गळून पडतो.

आता पणजोबांच्या जन्माविषयी. उन्ची सन सांगत नसल्या, तरी त्या जे सांगत आहेत तीही कालगणनाच आहे. लाकोटा वर्ष पहिल्या बर्फापासून पुढच्या पहिल्या बर्फापर्यंत चालते. त्या वर्षातील एक घटना वडीलधारी माणसे निवडत, वर्षाला तिचे नाव मिळे आणि ती जपणारा माणूस तिचे एक चित्र काढून ठेवी. या चित्रमालिकेला 'वानियेतु वोवापी' म्हणतात, म्हणजे हिवाळ्यांची नोंद. लोन डॉग यांच्या नावाने ओळखली जाणारी नोंद १८००-०१ पासून १८७०-७१ पर्यंतच्या ७१ हिवाळ्यांची आहे. तिची चित्रे मध्यापासून बाहेर वळत जाणाऱ्या वेटोळ्यात मांडली असून पहिले चित्र ३० काळ्या रेघांचे आहे, कारण त्या वर्षी क्रो या शत्रू जमातीने त्यांची ३० माणसे मारली होती. अमेरिकन हॉर्स या ओग्लाला नेत्यांकडची नोंद त्यांच्या आजोबांपासून चालत आलेली होती. वडिलांनी ती पुढे नेली आणि नंतर स्वतः अमेरिकन हॉर्स यांनी. म्हणजे ती खऱ्या अर्थाने एका घराण्याची नोंद होती.

या नोंदी एकमेकींशी ताडून पाहता येतात, कारण १८३३ च्या नोव्हेंबरात झालेला उल्कावर्षाव बहुतेक सर्व नोंदींत आहे. तो 'तारे पडले तो हिवाळा'. त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे हिवाळे मोजत गेले की सन निघतो. लोन डॉग यांच्या नोंदीत १८६९ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा काळा सूर्यही आहे. ओग्लाला नेते रेड क्लाउड आपला जन्म ज्या हिवाळ्यात आवाज करत तारा गेला त्या हिवाळ्यातला सांगत आणि त्यावरून तो १८२१-२२ चा ठरतो.

ठिपक्यांचा हिवाळा मात्र एकच नाही. लोन डॉग यांच्या नोंदीत १८०१-०२ ची देवी आणि १८१८-१९ चा गोवर ही दोन्ही वर्षे अंगभर ठिपके असलेल्या माणसाच्या चित्रानेच दाखवली आहेत. १८३७ मध्ये मिझुरी नदीच्या वरच्या खोऱ्यात देवीची भयंकर साथ आली होती आणि शतकाच्या मध्यावर आणखी एक हिवाळा देवीच्या नावाने नोंदला गेला आहे. म्हणून उन्चींना सन विचारू नये. पणजोबा तारे पडण्याच्या आधीचे की नंतरचे, एवढेच विचारावे. जे उत्तर येईल त्यापुढे '१८३७-३८' यासारखा जोडसन लिहावा, कारण लाकोटा हिवाळा आपल्या दिनदर्शिकेतील दोन वर्षांवर पसरलेला असतो आणि एकच सन लिहिला की नसलेला नेमकेपणा दिसू लागतो.

फीत_आणि_कागद यांचे उत्तर

मी अमेरिकेतच एका अभिलेखागारात ध्वनिफितींचे काम करते, म्हणून कॅसेटपुरते आणि कागदपत्रांपुरते लिहिते.

कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकच्या दोन छोट्या पट्ट्या असतात. त्या शाबूत असतील तर आधी मोडून टाका, म्हणजे चुकून बटण दाबले गेले तरी आजेसासऱ्यांच्या आवाजावर दुसरे काही मुद्रित होणार नाही. डबा थंड ठिकाणी असेल तर कॅसेट एक दिवस घरातील तापमानाला राहू द्याव्यात. जुन्या घरगुती यंत्रात त्या लावू नका. ज्याचे हेड आणि रबरी चाक स्वच्छ आहे अशा यंत्रावर, शक्यतो जाणकाराकडून, एकदाच सलग वाजवून चोवीस बिट वेव्ह स्वरूपात प्रत करून घ्यावी. त्या मूळ प्रतीला पुढे हात लावू नये. खरखर काढायची असेल तर तिच्या प्रतीवर काढावी. मधली शांतता, खोकला, मागे वाजणारा दरवाजा हे कापू नका. आजेसासरे एखादे नाव घेण्यापूर्वी किती वेळ थांबले, हे उद्या आपल्या मुलीला महत्त्वाचे वाटू शकेल.

कागदपत्रांत आपल्याला १८८५ ते १९४० या काळातील आरक्षित प्रदेशांच्या जनगणना याद्या उपयोगी पडतील. बहुतेक वर्षी केलेल्या या याद्यांत लाकोटा नाव, इंग्रजी नाव, वय आणि कुटुंबप्रमुखाशी नाते लिहिलेले असते. पण आपण 'अते'च्या बाबतीत जी चूक केलीत तीच चूक त्या याद्यांत शासनाच्या कारकुनांनी वर्षानुवर्षे केली असणार, हे धरून चालावे. इंग्रजीत 'मुलगा' लिहिले असेल तर तो पोटचा की पुतण्या, हे त्यावरून ठरत नाही. म्हणून लिप्यंतरात मूळ लाकोटा नातेशब्द तसाच ठेवून शेजारी समासात खुलासा लिहावा.

नावांच्या बाबतीत तर दुप्पट सावध राहावे लागते. एकच माणूस आयुष्यात दोन-तीन नावे धारण करी आणि वडील आपले नाव मुलाला देत. प्रसिद्ध लाकोटा नेते क्रेझी हॉर्स यांना ते नाव वडिलांनी दिले आणि वडिलांनी स्वतःसाठी वाग्लुला हे नाव घेतले. दुसरे लाकोटा नेते सिटिंग बुल यांच्या बाबतीतही असेच झाले. त्यात भाषांतराचा गोंधळ. 'ताशुंके कोकिपापी' याचा आशय 'ज्याच्या घोड्यालासुद्धा लोक भितात' असा आहे, पण इंग्रजी कागदांत 'स्वतःच्या घोड्यांना भिणारा माणूस' असे उलटे नाव रूढ झाले. एका शूर घराण्याला हे नाव पिढ्यान्‌पिढ्या वागवावे लागले, याचे मला आजही फार वाईट वाटते.

आपल्या कुळातील कोणी पूर्वी मुलाखत दिली होती का, हेही पाहावे. नेब्रास्का राज्याच्या इतिहास संस्थेत ईलाय रिकर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी घेतलेल्या मुलाखती आहेत आणि वुंडेड नी येथे १८९० मध्ये अमेरिकी सैन्याने केलेल्या लाकोटांच्या कत्तलीतून वाचलेले ड्यूई बिअर्ड त्यांत बोलले आहेत. व्हर्मिलियन येथील साउथ डकोटा विद्यापीठात १९६०च्या दशकापासूनच्या ध्वनिफिती आहेत.

नदीकाठ यांचे उत्तर

मला या विषयाची फारशी माहिती नाही, तरी मनापासून वाटते ते लिहितो. माझ्या आजीच्या ओव्या आम्ही 'पुढच्या सुट्टीत ध्वनिमुद्रित करू' असे म्हणत राहिलो आणि ती सुट्टी आलीच नाही. त्यामुळे माझे मत असे की सर्व काही ध्वनिमुद्रित करून ताबडतोब आंतरजालावर ठेवावे. जे सर्वांना खुले असते ते नष्ट होत नाही. शिवाय लोकांपुढे आल्याशिवाय तोंडी इतिहासाला पुरावा म्हणून कोण मानणार?

जुनी_पाने यांचे उत्तर

नदीकाठ, आपली हळहळ मला समजते आणि ध्वनिमुद्रण आजच करावे याविषयी आपण सारे एकमत आहोत. परंतु ध्वनिमुद्रण करणे आणि खुले करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एमॉस बॅड हार्ट बुल हे ओग्लाला चित्रकार होते. त्यांचे वडील आपल्या लोकांचा इतिहास जपणारे होते आणि 'ही डॉग' व 'शॉर्ट बुल' हे चुलते लढायांमध्ये स्वतः उतरलेले होते. नेब्रास्कातील क्रॉफर्ड येथील एका कपडे विक्रेत्याकडून घेतलेल्या हिशेबाच्या चोपडीत एमॉस यांनी ४०० हून अधिक चित्रे काढून ओग्लालांचा इतिहास मांडला. १९१३ मध्ये ते वारले आणि चोपडी त्यांच्या बहिणीकडे आली. १९२०च्या दशकात हेलन ब्लिश या विद्यार्थिनीने त्या बहिणीकडून ती अभ्यासासाठी मिळवली आणि पानांची छायाचित्रे घेतली गेली. १९४७ मध्ये बहीण वारली तेव्हा चोपडी तिच्यासोबत पुरण्यात आली. छायाचित्रांवरून केलेले पुस्तक १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आज आपण ते पाहू शकतो. हा प्रसंग वाचून अनेकांना हानी झाल्यासारखे वाटते; मला मात्र यात बहिणीचे दोन्ही निर्णय दिसतात. तिने चित्रे पाहू दिली आणि चोपडी घराण्याकडेच राहिली.

मामांच्या भीतीलाही इतिहास आहे. १८८३ च्या सरकारी नियमांनी सूर्यनृत्यासारखे विधी गुन्हा ठरवले आणि धार्मिक स्वातंत्र्याला कायद्याचे स्पष्ट संरक्षण थेट १९७८ मध्ये मिळाले, म्हणजे ज्या वर्षी आजेसासरे त्या कॅसेटवर बोलत होते त्या वर्षी. जी पिढी दार लावून विधी करत आली, तिला कोणती गोष्ट कोणापुढे सांगायची याचे भान असणारच. आणि हे केवळ जुने दुखणे नाही. २०२२ मध्ये स्टँडिंग रॉक या दुसऱ्या आरक्षित प्रदेशाच्या परिषदेने भाषेवर काम करणाऱ्या एका बाहेरच्या संस्थेला आपल्या प्रदेशात येण्यास बंदी केली, कारण वडीलधाऱ्यांनी दिलेल्या ध्वनिमुद्रणांवर आधारलेल्या साहित्याचे हक्क त्या संस्थेकडे गेले होते. आजीचा आवाज नातवंडांना विकत घ्यावा लागावा, यासारखा अन्याय नाही.

पुराव्याविषयी एवढेच सांगतो की सिटिंग बुल यांच्या केसांची बट स्मिथसोनियन या अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालय-संस्थेने २००७ मध्ये त्यांचे पणतू अर्नी लापॉइंट यांना परत केली, ती वंशावळ तपासून. त्याच केसांवरून डीएनएने नात्याला दुजोरा दिला तो २०२१ मध्ये. घराण्याने सांगितलेले नाते आधीपासून खरेच होते.

माळरान, माझी सूचना अशी आहे की प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी उन्चींनीच स्वतःच्या आवाजात, लाकोटात, हे कोणी ऐकावे ते सांगावे. एक प्रत घरी राहावी आणि मामांची संमती असलेल्या भागाची दुसरी प्रत काइल येथील ओग्लाला लाकोटा कॉलेजच्या अभिलेखागारात, अटी लेखी ठरवून, द्यावी.

माळरान

सर्वांचे मनापासून आभार. कॅसेटच्या पट्ट्या आज सकाळी मोडल्या. पाचांपैकी एकीची शाबूत होती, बाकीच्या चारांच्या आजेसासऱ्यांनी स्वतःच मोडून ठेवलेल्या निघाल्या. हे पाहून मामा बराच वेळ डबा हातात घेऊन बसले होते. डब्यातील दुसऱ्या कॅसेटवर काय आहे हे त्यांना ठाऊक आहे. ती ते एकटे ऐकतील आणि मग काय करायचे ते सांगतील असे ठरले आहे. वहीत मी तिच्यापुढची जागा कोरी ठेवली आहे.

काल रात्री फोनवर उन्चींना विचारले की पणजोबा तारे पडण्याच्या आधीचे की नंतरचे. त्या जराही न थांबता म्हणाल्या की पणजोबांच्या थोरल्या बहिणीला तारे पडताना बाहेर आणले होते, गव्याच्या कातड्यात गुंडाळून; ती तेव्हा अंगावर पीत होती आणि पणजोबा तिच्या पाठचे. आणि वाक्याच्या शेवटी 'केयापी' आले. मी ते या खेपेस गाळले नाही. वहीत '१८३७-३८, बहुधा' असे लिहिले आहे आणि बहिणीची हकिकत तिच्याच शब्दांत त्याखाली. हवामान खात्याने पुढच्या आठवड्यात पहिल्या बर्फाचा अंदाज दिला आहे; मुलीला घेऊन आम्ही शुक्रवारी संध्याकाळी पाइन रिजला निघतो आहोत.